दहाच्या व्हायलमधलं अकरावं नाव

लशीच्या एका व्हायलमध्ये, म्हणजे बारक्या बाटलीत, दहा डोस असतात. अकरावा नसतो. तळाला चिकटलेले थेंब सिरिंजने कितीही ओढा, अकरावा डोस भरत नाही. मी ओढून पाहिलेलं आहे.

मी प्रमिला चोपडे. मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात संसर्ग नियंत्रण सिस्टर. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. मिरजेत डोळे मिटून दगड मारला तरी तो कुठल्या तरी हॉस्पिटलच्या पाटीला लागतो, त्यातलंच एक समजा. माझं काम म्हणजे दिवसभर सगळ्यांच्या मागं लागायचं. हात धुवा, मास्क नाकावर घ्या, मनगटावरचं घड्याळ काढा. पाठीमागं मला 'साबण' म्हणतात. म्हणोत बापडे.

आणि दर नोव्हेंबरला स्टाफसाठी फ्लूची लस. बाहेरच्यांना वाटतं, हॉस्पिटलातली माणसं लस घ्यायला रांग लावत असतील. कसली रांग! दिव्याखाली अंधार. 'मला आयुष्यात कधी फ्लू झालेला नाही' म्हणणारे सर्जन, सुई दिसली की जिन्यानं पळणारा एक्स-रेवाला, 'मागच्या वेळी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी अंग मोडून आलं' म्हणणारी निम्मी सिस्टर-मंडळी. सुरुवातीला मी सभागृहात टेबल टाकून बसले, तर दोनशे अकरा जणांत साठ आले. पुढच्या वर्षी टेबल सोडलं आणि ड्रेसिंगची ट्रॉली घेतली. तिच्यावर बर्फाचा डबा ठेवला आणि थेट वॉर्डात घुसले. कॅन्टीनबाहेर वॉर्डवार आकड्यांचा फळा लावला. मेडिकलवाले सर्जरीवाल्यांना चिडवायला लागले की माझं निम्मं काम होई. अडून बसलेल्याला मी एकच सांगायची, "तुम्हाला नाही हो होणार फ्लू. तुमच्याकडून पेशंटला होईल." स्वतःसाठी न घेणारा माणूस पेशंटचं नाव काढलं की बाही वर करतो, हे मला त्या ट्रॉलीनं शिकवलं.

असं तीन वर्षं केल्यावर, दोन हजार अडतीस साल उजाडलं तेव्हा फळ्यावर दोनशे अकरापैकी दोनशे दहा होते.

उरलेलं एक नाव सुगलामावशींचं. त्या डायलिसिस विभागात झाडलोट करायच्या, पेशंटच्या खुर्च्या ढकलायच्या, रोज सकाळी आरगहून एसटीनं यायच्या. गंमत म्हणजे लशीची ट्रॉली त्याच ढकलत. बर्फाचा डबा त्यांच्या हातात. भिणाऱ्याचा हात त्या धरायच्या. आणि त्यांची पाळी आली की म्हणायच्या, "मला नको, शिष्टर."

"पण का?"

"नको म्हंजे नको. कारन इचारू नगा."

समजूत घातली, रागावले, व्हिडिओ दाखवले, त्यांच्या सुनेला फोन केला. त्या ढिम्म. दरवर्षी मी त्यांच्या नावापुढची चौकट मोकळी ठेवायची आणि दरवर्षी मला त्या मोकळ्या चौकटीचा मनस्वी राग यायचा.

आता फळ्यावर नसलेली गोष्ट सांगते. दोनशे दहा हा आकडा खोटा होता. खरा आकडा दोनशे नऊ. दोनशे दहावी मी, आणि मी तीन वर्षांत एकदाही लस घेतली नव्हती.

ही नवी लस एकदा फोडली की सहा तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकायची. म्हणून आमचा शिरस्ता असा की दहा माणसं समोर असल्याशिवाय व्हायल फोडायची नाही. ट्रॉलीच्या पहिल्या वर्षी शेवटच्या व्हायलला मला धरून बरोबर दहा जण होते. मी माझी सिरिंज भरणार, तेवढ्यात कॅन्टीनचा आचारी ओले हात पुसत आला. दहावा डोस त्याला दिला. आता माझ्या एकटीसाठी नवी व्हायल फोडून नऊ डोस वाया घालवायचे? हात धजेना. आमच्याकडे वाढणारी बाई शेवटी बसते. भाजी संपली असेल तर लोणच्याशी भाकरी खाते आणि कुणाला सांगत नाही. मी तेच केलं. पाच वाजता अहवाल जायचा होता, म्हणून माझ्या नावापुढे टिक केली. म्हटलं, उद्या घेऊ. तो उद्या काही उगवला नाही. दुसऱ्या वर्षीही तसंच झालं, टिक करताना पेन जरा अडखळलं. तिसऱ्या वर्षी अडखळलंसुद्धा नाही.

त्याच तिसऱ्या वर्षी आमच्याकडे 'माग' आला.

'माग' म्हणजे प्रत्येक वॉर्डाच्या छताला लावलेली, जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी. ती दिवसभर हवा ओढते आणि हवेतल्या विषाणूंची जनुकं तिथल्या तिथं वाचते. शिवाय प्रत्येक स्टाफच्या ओळखपत्राला बोटाच्या पेराएवढी एक पट्टी. ती तुमचा स्वतःचा श्वास टिपते. दर रविवारी पट्ट्या बदलायच्या, जुन्या सीलबंद करून गारठ्यात ठेवायच्या. त्या वाचायच्या फक्त पेशंट गंभीर झाला तर, हॉस्पिटलच्या संसर्ग नियंत्रण समितीनं ठरवलं तर, आणि ज्याची पट्टी त्यानं सही दिली तर. माणसाच्या श्वासात काय काय सापडेल याचा नेम नसतो, त्यामुळे कायदा कडक होता आणि तो तसाच हवा होता.

हे यंत्र ओळखतं कसं, हे मला कंपनीच्या माणसापेक्षा मगदूम सरांनी नीट समजावलं. मगदूम सर आमचे डायलिसिसचे पेशंट. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठ ते बारा, खिडकीजवळची खुर्ची. सहा वर्षं. हायस्कुलात गणित शिकवायचे. कानानं अधू झालेले, पण श्रवणयंत्र लावायचा कंटाळा. समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायचे.

"सिस्टर, वर्गात कुणी कुणाची कॉपी केली हे कशावरून कळतं?" त्यांनी मला विचारलं.

"उत्तरं सारखी आली की."

"चूक! बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येणार. कळतं ते चुकांवरून. एकानं सातच्या जागी एक लिहिला आणि शेजाऱ्यानंही नेमका तिथंच एक लिहिला, की पकडायचा दोघांना. तुमचा विषाणू तसाच. अंगात शिरला की स्वतःच्या लाखो नकला काढतो, आणि नकला काढताना चुका करतो. तुमच्या अंगातल्या चुका वेगळ्या, माझ्या वेगळ्या. माझ्यात तुमच्याच चुका सापडल्या तर मी कॉपी कुणाची केली हे सांगायला लागतच नाही." आणि स्वतःवरच खूश होऊन हसले.

वर आणखी एक. लस घेतलेल्या अंगातून विषाणू बाहेर पडला, तर आत त्याला मार बसलेला असतो. त्या माराच्या खुणाही 'माग'ला दिसतात.

अकरा जानेवारी, सोमवार. माझा घसा बसला होता. रविवारी घरचा माळा झाडला होता, धूळ गेली असणार असं मी ठरवून टाकलं. नर्सला स्वतःच्या दुखण्याचं निदान करायला अर्धा सेकंद लागतो आणि ते नेहमी 'काही नाही' असंच निघतं. डायलिसिसच्या खोलीत गेले. सरांचा सुईचा हात सुजला होता, त्यांच्या उशाशी बसून समजावत होते. मास्कमुळे त्यांना माझे ओठ दिसेनात. "काय? काय?" करत राहिले. मी मास्क खाली ओढला. दोन मिनिटं, फार तर तीन.

त्याच आठवड्यात सुगलामावशीही खोकत होत्या. तो खोकला सगळ्या मजल्यानं ऐकला.

गुरुवारी सरांना ताप आला. शनिवारी ते व्हेंटिलेटरवर गेले.

सोमवारी सकाळी 'माग'चा अहवाल आला. तो पहिल्यांदा माझ्याच पडद्यावर येतो, कारण समितीची सचिव मीच. सरांच्या अंगातला विषाणू अकरा तारखेला नऊ ते अकराच्या दरम्यान डायलिसिसच्या हवेत होता. बाकीचे पेशंट तपासात स्वच्छ निघाले होते; त्या वेळी खोलीत सहा स्टाफ होते. आणि विषाणूच्या अंगावर लशीच्या माराची एकही खूण नव्हती.

मी उठून हात धुतले. पुन्हा येऊन वाचलं. पुन्हा उठून धुतले.

मजल्यावर बातमी पसरायला दहा मिनिटंही लागली नाहीत. सहा जणांत बिनलशीचं कोण, हे फळ्यावर खडूनं लिहिलेलंच होतं. दुपारी सुगलामावशी जेवायच्या खोलीत आल्या तर बाकावरच्या दोघी डबे उचलून बाहेर गेल्या. मावशींनी डबा उघडला, बंद केला आणि फडकं घेऊन जिन्याकडे गेल्या. मी ते काचेतून बघितलं. मला जाऊन त्यांच्याशेजारी बसता आलं असतं. मी फायली लावत बसले.

आयसीयूच्या बाहेर मगदूम काकू होत्या. सरांच्या पत्नी. मांडीवर सरांचा चष्म्याचा डबा.

"प्रमिला, इकडं ये गं," त्यांनी मला जवळ बसवलं. "तुमचं ते यंत्र सांगतं म्हणे, कुणाकडून आलं ते?"

"अजून नक्की नाही, काकू."

"नक्की झालं की मला नाव सांग. मला कुणाशी भांडायचं नाही. सहा वर्षं इतकं जपलंय गं मी त्यांना. पाहुण्यांना शिंक आली तरी दारातनं परत पाठवत होते. नुसतं कळू दे, कुठल्या दारानं आलं ते." त्यांनी माझा हात धरला होता. मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता आणि सोडवता येत नव्हता.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. आमचे हे एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. कुठली गाडी कुणी का उशिरा आणली याचा छडा लावण्यात हयात गेली. त्यांनी टीव्ही बंद केला.

"तुझं नाव कुणी घेतलंय?"

"नाही."

"मग गप बस. विकतचं दुखणं घेऊ नकोस. ती बाई खोकत होती ना?"

"होती."

"आणि लस घेतली नव्हती ना? तीन वर्षं तू तिच्या पाया पडत होतीस. मग तिचंच असणार."

"असेलही," मी म्हटलं. आणि खरं सांगते, मला मनापासून वाटत होतं की त्यांचंच असावं. दोन वर्षांनी मी निवृत्त होणार होते. चांगल्या बाईच्या खोकल्यात माझी सुटका शोधत मी स्वयंपाकघरात भांडी घासत राहिले. धुतलेलीच पुन्हा घासली.

मंगळवारी समिती बसली. अध्यक्ष अधीक्षक डॉक्टर नेर्लेकर. माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्ट बैठकीच्या आत मिटायला हवी असते. त्यांच्या पाठीमागं भिंतीवर आमच्या लसीकरणाचं राज्य पातळीवरचं सन्मानचिन्ह. त्यात माझा आकडा कोरलेला.

"पट्ट्या वाचायची गरज नाही," ते म्हणाले. "सहा जणांत पाच लस घेतलेले, एक नाही. उत्तर समोर आहे. उगाच सगळ्यांचे श्वास कशाला उपसायचे?"

सगळ्यांना हायसं वाटलेलं दिसलं. आपला श्वास कुणी वाचू नये असं वाटणारी मी एकटी नव्हते.

सुगलामावशींना आत बोलावलं. त्या दाराशीच उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसेनात.

"मावशी, तुम्ही लस का घेतली नाही?" नेर्लेकरांनी विचारलं.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, वाचवा म्हणून बघतायत. मी खाली वहीत बघितलं.

"माजी मर्जी," त्या म्हणाल्या.

"तुमच्यामुळं एक माणूस मरायला टेकलाय, याची कल्पना आहे?"

"सर चांगलं मानूस हाय," मावशी म्हणाल्या. "माज्या खोकल्यानं तसं झालं आसंल, तर द्येव मला बगून घील. तुमी काडा की त्यो माग. माजा आंगठा घ्या."

"त्याची जरूर नाही. तुमच्या सफाईच्या एजन्सीला कळवतो आम्ही. एक तारखेपासून येऊ नका."

"बरं," मावशी म्हणाल्या.

त्या 'बरं'वर माझं सगळं अडलं. त्या भांडल्या असत्या, रडल्या असत्या, तर मी कदाचित गप्प राहिले असते. चौदा वर्षांची नोकरी एका शब्दात सोडून त्या दाराकडे वळत होत्या.

"पाच नाहीत," मी म्हणाले.

"काय?"

"सहा जणांत लस घेतलेले पाच नाहीत. चार आहेत. मी घेतलेली नाही. तिन्ही वर्षं. टिक खोटी आहे."

नेर्लेकरांनी मान वळवून भिंतीवरच्या सन्मानचिन्हाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सिस्टर, तुम्ही शुद्धीवर आहात का?"

"त्या दिवशी माझा घसा बसला होता. मी सरांसमोर मास्क काढला होता. आमच्या दोघींच्या पट्ट्या वाचा. माझी सही घ्या, मावशींचा अंगठा घ्या."

"हे आत्ता सांगताय?"

"आत्तापर्यंत धीर झाला नव्हता."

बैठक उठल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि दार लावून बोलले. संतापलेले होते. खोट्या खुणेबद्दल संतापले होते की ती चारचौघांत कबूल केल्याबद्दल, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्ही असेल. बाहेर आले तर मावशी कुठं दिसल्या नाहीत. शोधायचं धाडसही नव्हतं.

पट्ट्या वाचायला दोन दिवस लागतात. मी त्या दोन दिवसांत काय केलं ते आठवत नाही. चालत होते एवढं आठवतं. तळमजला ते चौथा मजला, जिन्यानं, कामाशिवाय.

बुधवारी सकाळी साडेसातला सर गेले. त्यांच्या डायलिसिसचा वार होता. खिडकीजवळची खुर्ची तयार करून ठेवली होती. कुणीतरी सवयीनं केली असणार.

गुरुवारी निकाल आला. मावशींची पट्टी स्वच्छ होती. त्यांच्या खोकल्यात फ्लू नव्हताच, फिनेलचा वास छातीत बसला होता. माझ्या पट्टीत विषाणू होता आणि त्याच्या नकलेतल्या सात चुका सरांच्या विषाणूत जशाच्या तशा होत्या. सात. सातच्या सात. सर असते तर त्यांनी पेपरावर लाल रेघ ओढली असती.

शुक्रवारी मी सरांच्या घरी गेले. ह्यांनी बरोबर येतो म्हटलं, मी नको म्हटलं. काकूंनी दार उघडलं. मी आत गेले नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहून सांगितलं. नाव सांग म्हणाला होतात, माझंच नाव आहे. लस घेतली नव्हती. घेतली असं लिहिलं होतं.

काकूंनी एका हातानं दाराची चौकट धरली.

"दोन वर्षांपूर्वी तू मला टोचलीस," त्या म्हणाल्या. "मी भीत होते. 'सरांच्या अंगाला लस नीट लागत नाही, त्यांच्यासाठी तुम्ही घ्या, काकू' म्हणालीस. म्हणून घेतली मी."

"हो."

"माझ्या दारातनं नाही आलं मग."

"नाही काकू. तुमच्या दारातनं नाही."

त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

चौकशी लागली. सोमवारपासून मला दुसऱ्या खात्यात पाठवणार होते. शनिवारी पाच वाजता लशीच्या फ्रीजची किल्ली द्यायची होती. सकाळी साडेदहाला मी माझं टेबल आवरत होते, तर सुगलामावशी दारात. हातात फडकं. त्यांची नोकरी राहिली होती, एजन्सीला गेलेलं पत्र परत मागवलं होतं.

"मावशी, माफ करा मला," मी म्हणाले. "चार दिवस तुम्हाला सगळ्यांनी वाळीत टाकलं, आणि मी बघत बसले."

"आसू द्या."

"असू द्या काय? तुम्हाला काढत होते! आणि तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात."

मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं आणि दार ओढून घेतलं.

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"तुमी घेतली न्हवती त्ये. तिन्ही वर्सं डबा धरून म्याच उबी हुते की तुमच्या शेजारी. समद्यास्नी टोचलंसा, सोताला न्हाई टोचलंसा. आन् वर वहीत खून केलीसा. मला वाचाय येत न्हाई, पर तुमच्या नावाची वळ मला म्हाईत हाय, सगळ्यात वरची."

मी खुर्चीत बसले.

"म्हनून तर म्या घेतली न्हाई," मावशी म्हणाल्या. "म्या म्हनलं, ही शिकल्याली बाई. हिला म्हाईत आसनार आत काय हाय त्ये. वाढनारीच ताटाला हात लावंना, तर त्या सैपाकाला आपुन कशाला बोट लावायचं? कायतरी आसंल त्यात. तुमच्या फोनमदलं त्ये पिच्चर बगून मानूस इस्वास ठेवतंय व्हय? मानूस मानसाकडं बगतंय."

मला रडू आलं नाही. तीन वर्षं मी या बाईसमोर घसा फोडत होते. आणि ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. सरांनी बरोबर सांगितलं होतं. तिनं माझी चूकच उतरवून घेतली होती.

"मग सांगितलं का नाही कमिटीत? माझ्याकडे बघितलंत तेव्हा सांगायचं!"

"काय सांगू? तुमच्या पोटावर पाय दिऊ? आन् मला वाटलं, तुमास्नी बी सुईचं भ्या वाटत आसंल. एवडी मोटी शिष्टर, आन् सुईला भिती, आसं चारचौगांत कसं सांगायचं? भ्यायल्याल्या मानसाला नावं ठिवू न्हाईत."

"भीत नव्हते हो मी, मावशी." आणि मग मी त्यांना सांगितलं. दहा डोसांचं, आचाऱ्याचं, वाया जाणाऱ्या नऊ डोसांचं, शेवटी बसणाऱ्या बाईचं. ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

"आवं, नऊ वाचवाय गेलासा आन् मानूस घालीवलासा!"

असं तोंडावर मला कुणीच म्हटलं नव्हतं. नेर्लेकरांनी नाही, ह्यांनी नाही, काकूंनीसुद्धा नाही. ऐकल्यावर पहिल्यांदा रडले. मावशी दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, कुणी आत येऊ नये म्हणून.

मग मी उठले. तोंड धुतलं, हात धुतले. फ्रीज उघडून एक व्हायल काढली आणि एकटीसाठी फोडली. झाकण उडाल्याचा बारीक आवाज झाला. सिरिंज भरली. डाव्या खांद्यावरून बाही सरकवली.

"थांबा," मावशी म्हणाल्या. जवळ आल्या, चष्मा नाकावर सारखा केला आणि माझ्या खांद्यावर वाकून बघायला लागल्या. मी सुई आत घातली. त्या दट्ट्या तळाला टेकेपर्यंत डोळे न मिटता बघत होत्या.

"दुकलं?"

"दुखलं."

"आता बगितलं डोळ्यानं." त्यांनी फडकं टेबलावर ठेवलं, स्टूल ओढलं आणि बसल्या. पदर खाली घेऊन दंड पुढे केला. "घाला मला."

मी त्यांना टोचलं आणि वरून कापूस दाबला.

मी वही काढली. नव्या पानावर नाव, तारीख, वेळ लिहिली.

"पैलं नाव कुनाचं लिवलं?"

"माझं. दुसरं तुमचं."

"आन् त्या जुन्या खुना?"

मी मागची पानं उलटली. तीन वर्षं, तीन खुणा. प्रत्येकीवर लाल पेनानं आडवी रेघ मारली, बाजूला 'खोटी' लिहिलं आणि खाली सही केली. मावशी बोटानं एकेक रेघ बघत होत्या.

व्हायलमध्ये आठ डोस उरले होते. स्टाफमध्ये आता कुणीच उरलं नव्हतं. पण तळमजल्यावर डायलिसिसच्या बाहेर पेशंटचे नातेवाईक बसलेले होते, डबे आणि औषधांच्या पिशव्या घेऊन.

मावशींनी बर्फाचा डबा उचलून ट्रॉलीवर ठेवला आणि ट्रॉली दाराबाहेर काढली.

"चला," त्या म्हणाल्या, "कुनी इचारलं तर म्या सांगती, आमी दोगींनी आदी घेतलीया."

अकराला पाच मिनिटं कमी होती. किल्ली द्यायला पाच वाजेपर्यंत वेळ होता, आणि आठ माणसं शोधायची होती.